खाणारं गिऱ्हाईक राहिलं, नेणारं गेलं

मार्चमधला रविवार होता. भाच्याचं लग्न होऊन चार दिवस झाले होते. जोडीला खंडोबाला न्यायचं होतं आणि गाडी चालवायचं काम मामाच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडलं होतं. दिवे घाट चढून, सासवड मागे टाकून पुढे निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते. नव्या सुनेच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. डाव्या हाताला पत्र्याची शेड दिसली. पुढे अंजिरांचे बॉक्स मांडलेले, मागे चुलीचा धूर, आणि त्याच्याही मागे अंजिराची बाग. गाडी बाजूला घेतली.

पिठलं-भाकरी सांगितली. भाकरीला वेळ लागणार होता, म्हणून सगळे फळांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. सुनेने एक बॉक्स उचलला, भाच्याने दोन. गल्ल्यावरच्या ताईंनी पैसे घ्यायच्या आधी विचारलं, "आत्ता खायला का घरी न्यायला?" घरी न्यायला, म्हटल्यावर त्यांनी दोन बॉक्स हातातून काढून परत टेबलावर ठेवले. "जेजुरीवरनं येताना घ्या. दिवसभर उन्हात गाडी राहील, संध्याकाळी लगदा हुईल. मग आमच्याच नावानं बोलाल."

मी पुण्यात कृषी पदवीधरांना शेतमालाचा व्यापार शिकवतो. हातात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा विक्रेता फळ्यावर मांडायला सोपा नसतो. संध्याकाळी परत येताना आम्ही रस्त्याच्या पलीकडे गाडी लावली, चालत रस्ता ओलांडला आणि तीन बॉक्स घेतले. आमच्यासारख्या आणखी पाच गाड्या पलीकडे उभ्या होत्या. भाच्याने दिलेली शंभराची नोट भंडाऱ्याने पिवळीधमक झालेली. ताईंच्या गल्ल्यात वरच्या सगळ्या नोटा तशाच होत्या आणि पैसे भरायच्या क्यूआर कोडच्या पाटीवरही पिवळे अंगठे उमटलेले.

तिथून पुढे दोन वर्षं मी या शेडवर जात राहिलो. आधी खायला, मग वही घेऊन. गावाचं आणि घरच्यांचं नाव इथे देत नाही, त्यांनी तेवढं एकच मागितलं होतं. आकडे ताईंच्या वहीतले आहेत, त्यांच्या परवानगीने.

अंजीर नावाची घाई

पुरंदर तालुक्याच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव इथल्याच फळाला लावायचं. फळ त्याच्या कितीतरी आधीपासून नावाजलेलं आहे. जाधववाडीला राहुरी कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे, यावरूनच हा पट्टा कशाचा ते कळावं. पाऊस बेताचा, हवा कोरडी, जमीन निचऱ्याची. अंजिराचे बहार दोन: खट्टा आणि मीठा. नावातच चव आली. मीठ्या बहाराची फळं उन्हाळ्याच्या तोंडाला, मार्च-एप्रिलच्या सुमारास येतात आणि लग्नसराईही तेव्हाच असते. नवी जोडपी जेजुरीला निघतात त्याच दिवसांत रस्त्याकडेच्या बागा पिकलेल्या असतात. हा योग कुणी ठरवून आणलेला नाही, पण या रस्त्यावरच्या फळविक्रीचा निम्मा धंदा त्यावर उभा आहे.

अंजिराची अडचण सगळ्यांना ठाऊक असते, पण तिची किंमत ठाऊक नसते. हे फळ झाडावरच पिकायला लागतं. कच्चं तोडलं तर पुढे मऊ पडेल, पण गोडी वाढणार नाही. पिकलेलं तोडलं तर उन्हाळ्यात एक दिवस, फार तर दोन. तोडणी पहाटे, बोटांना कापड नाहीतर हातमोजे चढवून, कारण देठाचा चीक कातडी सोलतो आणि पानांची खरखर हाताला खाज आणते. ताईंच्या उजव्या मनगटावर त्याचा काळपट डाग आहे, बांगडीच्या वर बांगडीसारखाच. ढग आले, दोन थेंब पडले, की पिकायला आलेलं फळ उकलतं. पानांवर तांबेरा आला तर तो वेगळा खर्च. पाखरं तर रोजचीच.

ताईंची बाग एकराची. १६ बाय १६ फुटांवर लावलेली, म्हणजे १७० च्या आसपास झाडं. भर हंगामात रोज ५० ते ६० किलोचा तोडा निघतो. तो त्याच दिवशी कुठेतरी जायलाच हवा. पूर्वी सगळा गुलटेकडीला, पुण्याच्या मार्केट यार्डात जायचा. २०१६ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. आबा, म्हणजे ताईंचे सासरे, त्यावर म्हणतात, "अडत गेली, पण मऊ माल मऊच राहिला." यार्डात पोचेपर्यंत जे फळ दाबलं जाईल त्याचा भाव व्यापारी आधीच धरून मोकळा होतो. त्यात त्याचं चुकतं असंही नाही. पुढे मुंबईला न्यायचं तर त्याला टणक फळच हवं.

शेड निघाली ती यातून. सुरुवातीला, आठ वर्षांपूर्वी, नुसती टोपली होती, बांधावर ठेवलेली. यार्डात न चालणारं मऊ फळ तिच्यात. ताईंच्या लवकर लक्षात आलं की गाडीतून उतरणारा माणूस तेच आधी उचलतो, कारण खायला तेच गोड. यार्डाचा तिसरा नंबर रस्त्यावर पहिला ठरला. तेव्हापासून यांच्याकडे निवड उलटी चालते. टणक, देठाशी हिरवट असलेलं फळ यार्डाच्या क्रेटमध्ये आणि पूर्ण भरलेलं, तळाशी किंचित फाकलेलं फळ अंजिराच्याच पानावर मांडून टेबलावर.

चूल कशाला आली

पुढच्या वर्षी चूल आली. कारण विचारलं तर ताईंनी साधं सांगितलं: फळ तीन महिने, पोट बारा महिने. सीताफळ असतं, ते पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत. सासवडचा वाटाणा असतो पावसाळ्यात. तरी मधे कोरडे महिने राहतात आणि बंद शेडपाशी कुणी गाडी थांबवत नाही. एकदा "बंद दिसलं" अशी नजरेला सवय झाली की हंगामातही माणूस पुढे निघून जातो. पिठलं-भाकरी ठेवली ती शेड उघडी दिसावी म्हणून.

आठवडाही इथे वेगळाच चालतो. रविवार खंडोबाचा, म्हणजे जेजुरीचा. गुरुवारी नारायणपूरच्या दत्ताला जाणारे सासवडवरून वळतात, पण त्यातलेही काही या वाटेला येतात. सोमवती अमावास्येला पहाटेपासून गर्दी. चंपाषष्ठीला वांग्याच्या भरिताशिवाय दुसरं काही मागणारा माणूस वेडा. चातुर्मासात वांगं सोडलेली मंडळी त्या दिवसापासून पुन्हा सुरू करतात आणि ती सगळी आपल्याच शेडवर आल्यासारखी वाटतात, असं ताई म्हणतात. ज्ञानोबांची पालखी सासवडच्या मुक्कामानंतर जेजुरीकडे निघते त्या दिवशी मात्र गल्ला बंद. दिवसभर वारकऱ्यांना भाकरी-ठेचा आणि पाणी, पैशाचं नाव नाही. वहीत त्या दिवसापुढे आबांच्या अक्षरात फक्त "माउली" लिहिलेलं असतं.

मी पहिल्यांदा वही घेऊन बसलो तेव्हा घड्याळ लावून भाकऱ्या मोजल्या. एक तवा, खाली निखारे. तव्यावर एक भाकरी भाजतेय, दुसरी निखाऱ्यावर फुगतेय, तिसरी काठवटीत थापली जातेय. या चालीने तासाला चाळीसच्या आसपास भाकऱ्या होतात. ताटात दोन. म्हणजे तासाला वीस ताटं, त्यापुढे एक नाही. बाकडी २८ माणसांची आहेत. ताईंच्या मुलाचं, डिप्लोमा करून घरी आलेल्या पोराचं, म्हणणं होतं की बाकडी वाढवू. मी त्याला तवा दाखवला. बाकडी वाढली असती तर थांबणारी माणसं तेवढी वाढली असती.

पण थांबणं हीच इथली खरी गंमत आहे. वाट बघणारा माणूस कुठे उभा राहतो? फळांच्या टेबलापाशी. ते टेबल चुलीच्या आणि गल्ल्याच्या बरोब्बर मधे आहे. दुसरी चूल लावावी का, असं मी विचारलं तेव्हा ताई हसल्या. "भाकरी लगेच मिळाली तर अंजिराकडं कोन बघंल?" दहा-पंधरा मिनिटांत माणूस एक फळ चाखतो, बागेत डोकावतो, लहान मुलं झाडाखाली जातात आणि येताना घ्यायचं मनात पक्कं होतं. म्हणजे जाताना खाणं आणि येताना नेणं. सकाळी मन वळायचं, पैसे संध्याकाळी यायचे.

पहिल्या वर्षाच्या त्या रविवारचा हिशेब असा होता. ७० ताटं, १०० रुपयांप्रमाणे ७,००० रुपये, त्यातला निम्म्याच्या आसपास खर्च. अर्ध्या किलोचे ९० बॉक्स, ८० रुपयांप्रमाणे ७,२००. त्यातले ६१ बॉक्स दुपारी तीननंतर विकलेले. हेच ४५ किलो यार्डात गेले असते तर वाहतूक आणि बॉक्सचा खर्च वजा जाता किलोला ६० रुपये हातात पडले असते, म्हणजे २,७००. एका रविवारी साडेचार हजारांचा फरक. आठवड्याच्या मधल्या दिवसांत मात्र दहा-बारा बॉक्सवर समाधान मानायचं.

डिव्हायडर

आळंदी-पंढरपूर पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. काम तुकड्यातुकड्याने होत राहिलं. ताईंच्या बागेची पुढची पट्टी रस्त्यात गेली, दोन ओळी झाडांसकट. मोबदला मिळाला, त्याबद्दल घरात तक्रार नाही. शेड मागे सरकवून पुन्हा उभी केली. जागा जरा चिंचोळी झाली, पण रस्ता गुळगुळीत झाला, गाड्या वाढल्या. पोरगा खुशीत होता.

मग मधोमध डिव्हायडर आला. गाडी पलीकडून अलीकडे आणायची तर डिव्हायडरमधला वळायचा कट दीड किलोमीटरवर. चालत ओलांडायचं तर चार पदर आणि मधे कमरेएवढी भिंत. दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये, त्याच सुमाराच्या रविवारी, मी वही बघितली. ताटं ८५. बॉक्स ३४.

मला आधी वाटलं फळ कमी निघालं असेल. फळ उलट बरं होतं. ताईंनी एका वाक्यात सांगितलं, "खाणारं गिऱ्हाईक राहिलं, नेणारं गेलं."

यात नकाशा काढून बघण्यासारखी एकच गोष्ट आहे. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते. शेड पुण्याहून जेजुरीकडे जाताना डाव्या हाताला. म्हणजे आता ती फक्त जाणाऱ्यांची. जाणाऱ्याला भूक असते, वेळ असतो, आणि फळ नेता येत नाही. येणाऱ्याला फळ न्यायचं असतं आणि तो आता १४ मीटरवरून, भिंतीपलीकडून, ऐंशीच्या वेगाने जातो. रस्त्याची कोणती बाजू आपल्या वाट्याला आली यावर दुकान कशाचं चालवायचं ते ठरतं, हे मला इतक्या वर्षांच्या शिकवण्यात कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. पलीकडच्या बाजूला दोन किलोमीटर पुढे एक साधा फळवाला बसतो. त्याची विक्री त्याच काळात वाढली. त्याने काहीही केलं नव्हतं.

नुकसान मोजलं. ५६ बॉक्स कमी, म्हणजे २८ किलो. किलोमागे शेडवर १६० आणि यार्डातून ६०, फरक शंभराचा. रविवारी २,८०० रुपये. शनिवारी याच्या निम्मे धरा. तीन महिन्यांच्या हंगामात ही रक्कम लहान नाही. ताटं वाढली त्यातून थोडं भरून निघत होतं, पण तवा तोच, ताईंचे खांदेही तेच.

सुक्या अंजिराचा माणूस

एप्रिलमध्ये शहरातला एक व्यापारी आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. जाणाऱ्या माणसाला ताजं अंजीर नेता येत नाही ना? मग त्याला सुकं द्या. पाव किलोचा पुडा, छापील किंमत ४५०, विकला की १०० तुमचे, न विकलेला परत. पुडा तयारच होता. त्यावर अंजिराच्या बागेचा फोटो आणि मोठ्या अक्षरांत "शेतातून थेट". शेडच्या पत्र्यावरही तीच पाटी आहे, "शेतातून थेट, पुरंदरचे अंजीर", म्हणून त्याला ही जागा आवडली होती.

पुड्यातलं अंजीर अफगाणिस्तानचं होतं. भारतात विकलं जाणारं बहुतेक सुकं अंजीर तिकडूनच येतं, चपटं करून सुतळीत ओवलेल्या माळांमध्ये. यात लपवण्यासारखं काही नाही आणि माल चांगलाही असतो. पुण्याकडची जात ताजी खायची. तिच्यात तेवढी साखर भरत नाही. ताज्या अंजिरात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हणजे किलोभर सुक्याला चार किलो ताजं लागतं. एवढं करून वाळल्यावर ते अफगाणी अंजिरासारखं मऊ आणि जाड होत नाही. यांनी एकदा घराच्या गच्चीवर वाळवून बघितलं होतं. आबांनी त्यातलं एक मला दाखवलं, डब्यात जपून ठेवलेलं. चपलेच्या टाचेसारखं.

गंमत अशी की सुकं अंजीर गिऱ्हाईकच मागत होतं. मी स्वतः एका सकाळी मोजलं, नऊ जणांनी विचारलं. मागणी खरी, माल खरा, कमाई हातात. रविवारी २८ पुडे गेले की डिव्हायडरने पाडलेला खड्डा भरला. पोराने हे गणित माझ्याआधीच केलं होतं.

घरात तीन मतं पडली. पोरगा म्हणाला, घ्यावं. पुडा आपण छापलेला नाही, आपण काही खोटं बोलत नाही. ताईंचे यजमान म्हणाले, हंगामापुरतं घ्यावं आणि विचारलं तर खरं सांगावं. आबा नको म्हणाले, पण मला वाटलं होतं त्या कारणाने नव्हे. पाप-पुण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही. म्हणाले, "जेजुरीला जानारा वर्षातनं एकदा येतो. त्याला काय दिलं ते तो इसरंल. पन पुण्यातनं खास पिठलं खायला येनारी धा-बारा घरं हायत, ती म्हैन्यातनं दोनदा येत्यात. त्यांची पोरं आपल्या झाडाखाली खेळल्यात. त्यांनी पुडा फोडला की त्यांना कळनार. मग ती ताज्याकडं बी तसंच बघनार."

मला विचारलं. मी दोन गोष्टी सांगितल्या, त्यातली एक सपशेल फसली. ती आधी सांगतो. मी म्हटलं, सकाळी खाणाऱ्याकडून आगाऊ पैसे घ्या, चिठ्ठी द्या, येताना पोरगा पलीकडे उभा राहून बॉक्स देईल. गाडीचा नंबर आणि अंदाजे वेळ लिहून घ्यायची. कागदावर छान दिसलं. पहिल्या रविवारी २२ चिठ्ठ्या गेल्या. त्यातले आठ जण ठरल्या वेळी आले. बाकीचे कुणी मोरगावला वळले, कुणी अंधार पडल्यावर दमून तसेच निघून गेले, एकाने रात्री दहाला फोन करून "उद्या ऑफिसला आणून द्याल का" विचारलं. पोरगा चार तास उन्हात उभा. सोमवारी ताईंनी पैसे परत करायला माणशी फोन केले. चिठ्ठ्यांचं पुस्तक अजून गल्ल्याखाली आहे, मागच्या कोऱ्या बाजूंवर दुधाचा हिशेब लिहितात. देवाला निघालेल्या माणसाकडून परतीची वेळ लिहून घेणं हा मूर्खपणा होता, आणि तो भाच्याला जेजुरीला नेऊन आणलेल्या मला तरी कळायला हवा होता.

दुसरी गोष्ट अशी सांगितली की सुकं ठेवायला हरकत नाही, पण व्यापाऱ्याचा पुडा नको. पाटीवर पुरंदरचं नाव आहे. मानांकन मिळालेलं नाव तालुक्यातल्या सगळ्यांचं असतं. त्याच्याखाली काबूल-कंदाहारकडचा माल थेट शेतातला म्हणून विकला तर पोराचं "आपण बोललो नाही" कुणी ऐकणार नाही, पाटीच बोलते. आपण तोंडाने खरं सांगायचं हा यजमानांचा तोडगा गर्दी नसेल तोवर टिकतो. रविवारी साडेअकराला, चुलीपुढे वीस माणसं असताना, कोण कुणाला काय सांगतंय?

दोन टेबलं

व्यापाऱ्याला सांगितलं, बिनछापाचा माल द्या. तो तयार झाला नाही. त्याचा धंदा त्या छापावरच होता, हे त्याच्या बाजूने बघितलं तर समजण्यासारखं आहे. मग यजमानांनी पुण्याच्या भुसार बाजारातून दहा किलो माळा आणल्या, ठोक भावात. शेडमध्ये दुसरं टेबल लावलं, फळांच्या टेबलापासून मुद्दाम लांब, पाण्याच्या माठाजवळ. आबांनी खडूने दोन पाट्या लिहिल्या. एकीवर "घरचं". दुसरीवर "आणलेलं". आणलेल्यावर खाली बारीक अक्षरात, "अंजीर अफगाणिस्तान, स्ट्रॉबेरी महाबळेश्वर, गूळ कोल्हापूर". स्ट्रॉबेरी आणि गूळ तोवर कधी शेडवर नव्हते. पाटी झाली म्हणून पोराने ते आणले.

सुकं किती गेलं? रविवारी सरासरी अकरा पुडे, घरीच पाव-पाव किलोचे बांधलेले. माल रोखीने घेतलेला, त्यामुळे उरलेल्याची जोखीम यांची, पण पुड्यामागे सुटतात ते शंभरच्या जरा वर. २,८०० चा खड्डा यातून अर्धाही भरत नाही. "आणलेलं" वाचून काही जण हातातला पुडा परत ठेवतात, हे मी बघितलंय. एका बाईंनी मात्र पाटीचा फोटो काढला आणि तीन बॉक्स "घरचं" घेऊन तिथेच बाकड्यावर बसून अख्ख्या कुटुंबाला खायला घातले. तेव्हापासून ताई सकाळच्या गिऱ्हाईकाला बॉक्सऐवजी पानावर चार अंजिरं देतात, ४० रुपयांत, ताटाबरोबर. येताना नेणारं गेलं तर जाणाऱ्याला इथेच खाऊ घाला. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, पोराच्याही नाही. गेल्या हंगामात रविवारी साठ-सत्तर पानं जात होती. मऊ, फाकलेलं, त्याच दिवशी संपायला हवं असलेलं सगळं फळ त्यात जातं.

आणि पलीकडे? पलीकडे चुलत दिरांची जागा आहे, विहिरीला लागून. तिथे चार बांबू आणि हिरवी शेडनेट उभी केली. शनिवार-रविवार, दुपारी तीन ते सात. फळ पहाटेच्याच तोड्यातलं, पण टणकाकडे झुकणारं निवडून ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवलेलं. संध्याकाळपर्यंत ते बेताचं उतरतं आणि घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खायला होतं. यार्डाला जाणाऱ्या मालातूनच ते काढावं लागतं, त्यामुळे यार्डाचे क्रेट कमी झाले. पोरगा क्रेट स्कूटरवर ठेवून दीड किलोमीटर पुढच्या कटला जातो, वळतो, दीड किलोमीटर परत येतो. डोळ्यांसमोर असलेल्या जागी जायला तीन किलोमीटर. पहिल्या आठवड्यात त्याने डिव्हायडरवरून क्रेट उचलून दिले होते. आबांनी ते बघितलं आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

पलीकडचे बॉक्स गेल्या हंगामात रविवारी ४५ च्या आसपास गेले. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून जुन्या नव्वदाच्या जवळ आलो, पण दोन जागा, दोन माणसं आणि एक स्कूटर लावून.

मी शेवटचा गेलो ते जूनच्या सुरुवातीला. अंजीर संपलं होतं, सीताफळाला अजून वेळ होता. "घरचं" टेबलावर चार लिंबं आणि शेवग्याच्या शेंगांची एक जुडी. "आणलेलं" टेबल भरलेलं. पाटी कशी दिसते बघा, असं ताई स्वतःच म्हणाल्या. पावसाळ्यात "घरचं" टेबल उचलून ठेवायचं का, यावर घरात बोलणं चाललंय. आबांचं म्हणणं, रिकामं असलं तरी राहू द्यावं. चुलत दिरांनी पलीकडच्या जागेचं भाडं मागितलंय, आकडा अजून सांगितलेला नाही. ताई म्हणाल्या, पालखी येऊन जाऊ दे, मग बसून बोलू.

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. ठेचा त्या दिवशी जरा जास्तच झणझणीत होता.